गाडी कुणाच्या नावावर

गणराज निवास, खराबवाडी, चाकण
ता. २८ ऑक्टोबर २०२५

योगिनीस,

आशीर्वाद आहेच, राग आला म्हणून तो काही मी परत घेत नाही. पण आधी राग ऐक.

तू माझा नंबर बंद केलास. फोन लावला की एक बाई बोलते, ती ना तुझ्या माहेरची ना सासरची. चार दिवस मी तिच्याशीच भांडले. मग सुमनताई म्हणाल्या, पत्र लिहू. सुमनताई म्हणजे पाच नंबरच्या खोलीतल्या, लातूरच्या, कंपनीतल्या पोरांना डबे करून देतात त्या. मी सांगते, त्या लिहितात. माझं 'न्हाई' आलं की त्या 'नाही' करतात. म्हणतात, पत्र जरा बरं दिसलं पाहिजे. मी म्हटलं, दिसू दे बरं, लागू दे मात्र होतं तसंच. डब्यांच्या पिशवीतून ते तुझ्या कंपनीच्या गेटवर येईल. सिक्युरिटीवाल्याकडून घे. भाजीचा डाग पडला असेल तर तो डाग माझा नाही.

मी विचारलं काय होतं गं एवढं? पाडव्याला चिंचवडला तुझ्या सासरी दारात ती पांढरी गाडी उभी. तिला झेंडूचा हार, पुढे काढलेलं स्वस्तिक, तुझी सासू आरतीचं ताट घेऊन. गणराज म्हणाला, "ताईची भाऊबीज, यंदा एक दिवस आधीच." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, "गाडी कुणाच्या नावावर?" बास, एवढंच. तुझ्या सासूने ताट खाली ठेवलं, तुझा नवरा बुटांकडे बघायला लागला आणि तू मला जिन्यात गाठलंस. "आजी, तुला माणसं दिसत नाहीत, पैसाच दिसतो. आता काही दिवस इकडे येऊ नकोस."

दिसतो. व्हय, दिसतो. मी तो येताना पाहिलाय, जाताना पाहिलाय आणि दुसऱ्याच्या खिशात शिरताना तर फारच जवळून पाहिलाय. तुला कसा दिसत नाही याचं मला नवल. कंपनीत तू काय करतेस? तूच सांगितलं होतंस, लोखंडाचा तुकडा डोळ्यांपुढे धरायचा आणि केसाएवढा फरक असला तरी बाजूला काढायचा. टेम्पोभर माल परत पाठवतेस, समोर मॅनेजर का उभा असेना. आणि भावाने पुढे केलेल्या कागदावर डोळे मिटून सही?

कागदाचं पुन्हा एकदा ऐक. तुझा बाप रोहिदास गेला तेव्हा पुनावळ्याच्या जमिनीला चार नावं लागली. मी त्याची आई, शालन त्याची बायको, गणराज आणि तू. चौघांचा हिस्सा सारखा. हे मला तूच सातबारा वाचून सांगितलं होतंस. आता तिथे बिल्डर टॉवर उभे करणार, आणि गणराज म्हणतो, त्याला एकाच माणसाशी व्यवहार करायचाय. म्हणून आम्ही तिघी बायकांनी सतरा नोव्हेंबरला कचेरीत जाऊन हक्कसोड करून द्यायचं. म्हणजे लिहून द्यायचं, की आमचा हिस्सा आम्ही राजीखुशीने, काही न घेता, गणराजला सोडला. काही न घेता. म्हणून तर ती गाडी. कागदावर यायला नको, म्हणून दारात आली.

आणि ती निघाली तुझ्या नवऱ्याच्या, ज्ञानेशरावांच्या नावावर. म्हणजे जमीन तुझी, ती जाणार भावाकडे. बदल्यात गाडी आली, ती नवऱ्याकडे. आणि तू मधे उभी राहून दोघांना ओवाळलंस.

सही करू नकोस. एवढं सांगायला एवढा कागद गेला. सुमनताईंची भाजी करपली.

आजी


गणराज निवास, खराबवाडी, चाकण
ता. ८ नोव्हेंबर २०२५

योगिनीस,

मला उत्तर नाही, पण आईकडे निरोप दिलास. शालनने तो डोळे पुसत पुसत सांगितला. "योगिनी म्हणते, मला पैसा नको, माहेर हवं." मी शालनला पाणी दिलं आणि तुझ्यावर चिडले.

पैसा नको म्हणायला तुला कुणी शिकवलं? गणराज नको म्हणाला? बिल्डर म्हणाला? त्यांचा वकील म्हणाला? एवढ्या मोठ्या व्यवहारात पैसा नको म्हणणारी तू एकटी निघालीस आणि त्यालाच सगळे चांगुलपणा म्हणतात. पगार नको, असं कंपनीत एकदा म्हणून बघ. तिथे कुणी तुला गुणाची म्हणणार नाही, डॉक्टरकडे नेतील.

आपल्याकडची रीत मला माहीत आहे. मुलगी सही करते, साडीचोळी घेते, आणि बायका हळदीकुंकवाला म्हणतात, किती समजूतदार. जिने हिस्सा मागितला तिचं नाव निघालं की आवाज खाली जातात, जशी काही ती घरातून पळून गेली. मुलग्याने मागितला तर तो व्यवहाराला पक्का. आता साडीच्या जागी गाडी आली, एवढीच सुधारणा.

माहेर हवं म्हणतेस. ते इतकं कच्चं आहे का, की तुझा चौथा हिस्सा काढला तर भिंत पडेल? मग ते माहेर नाही बाई, ती भाड्याची खोली आहे, आणि भाडं फार चढं लावलंय. मी खोल्या भाड्याने देते, मला विचार.

गाडीचंही मला विचार. महामार्गात आपली जमीन गेली आणि सरकारचे पैसे आले, तेव्हा तुझ्या आजोबांनी जीप घेतली. गावात पहिली. यशवंतराव तिच्यातून देवाला गेले, लग्नांना गेले, पान खायलाही गेले. मी जेवण सोडून बसले, तेव्हा कुठे थोडे पैसे इकडे चाकणला जागा घ्यायला सोडले, माझ्या नावावर. त्या वेळी इथे कंपन्या नव्हत्या, बाभळी होत्या. भावकीतले म्हणायचे, सोजरबाई शेळ्या पाळणार. पुढे जीप बंद पडली आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या. तेवढंच तिचं उत्पन्न. इथे मी एक खोली बांधली, तिच्या भाड्यातून दुसरी, मग दोघींनी मिळून तिसरी उभी केली. आता आठ आहेत. तुझ्या डिप्लोमाची फी या खोल्यांनी भरली. गणराजला वाटतं बापाने भरली. वाटू दे, बाप होता त्याचा.

मी चिकट नाही, हे तू सासूला सांग. पहिल्या तारखेला भाडं आलं की पाव किलो जिलेबी आणते आणि दारात बसून, सगळ्यांना दिसेल अशी खाते. पण अंगावर घालून मिरवायला मला पैसा कधी आवडला नाही. तो हाताशी असला की 'नको' म्हणता येतं. यशवंतरावांना म्हणता आलं, भावकीला म्हणता आलं, एकदा तर देवळाच्या वर्गणीवाल्यांनाही म्हणता आलं. तेवढ्यासाठी तो मला आवडतो. तू पैशालाच नको म्हणतेस. मग बाकी कुणाला म्हणायची वेळ आली तर काय करशील?

गणराज येऊन गेला. पेढे, शाल, वाकून नमस्कार. म्हणाला, "आजी, मी ताईला टाकणार आहे का?" मी म्हटलं, टाकणार नाहीस ना, मग कागद कशाला? त्यावर तो हसला आणि माझा गाल ओढला. लहानपणापासून त्याला उत्तर नसलं की तो गाल ओढतो. जाताना म्हणाला, "तुझा अंगठा लागेल बघ सतराला." मी म्हटलं, आहे की. हा बघ.

आजी


गणराज निवास, खराबवाडी, चाकण
ता. १८ नोव्हेंबर २०२५

योगिनीस,

काल कचेरीत तू माझ्या शेजारच्या खुर्चीवर होतीस आणि सगळा वेळ पंख्याकडे बघत होतीस. पंखा बंद होता.

पुढचं तू पाहिलंसच, पण माझ्या बाजूने ऐक. वयाने मोठी म्हणून मला पहिलं बोलावलं. त्या मशीनच्या लाल दिव्यावर अंगठा ठेवला. उमटला नाही. पुसून ठेवला. दुसऱ्या हाताचा ठेवला. साहेब म्हणाले, "आजी, जरा दाबा." मी म्हटलं, साहेब, जन्मभर दाबलाय, झिजला असेल. गणराजने स्वतःच्या रुमालाने माझी बोटं पुसली, मित्राला क्रीम आणायला पिटाळलं. मग एकेक करत सगळ्या बोटांची वरात निघाली आणि एकही नवरा घोड्यावरून उतरेना. बिल्डरच्या माणसाने आणलेला मिठाईचा पुडा तसाच मांडीवर राहिला. शेवटी साहेब म्हणाले, घरी जा, बोटांना तेलतूप लावा, पंधरा डिसेंबरला या. सगळ्यांचे हात एकाच कागदाला लागायचे होते, म्हणून सगळंच राहिलं.

बाईच्या हाताच्या रेघा भांडी घासून जायच्याच. देवाची करणी. मी काय करणार?

तू ओठ दाबलेस, मी पाहिलं. मग खोकला आल्यासारखं केलंस. असू दे, खोकला असेल.

पण एक दुसरंही पाहिलं. तुझ्या हातात टोपण काढलेलं पेन होतं. मशीन चाललं असतं तर तू सही केली असतीस. माझी दोन पत्रं वाचून सुद्धा. गणराज चिडला, शालन रडली, त्याचं मला काही नाही. त्या उघड्या पेनाने मात्र मला जेवण जाईना. तुझ्या बापाच्या जागेवर टॉवर उठेल, त्यात कुणी कुणी राहायला येतील, आणि तू तुझ्याच जमिनीवर पाहुणी म्हणून लिफ्टने वर जाशील, भाऊ जेवायला बोलवेल तेव्हा. नाही बोलावलं तर?

पंधरा तारखेपर्यंत वेळ आहे. मी काही सांगत नाही. सांगून झालंय.

आजी

(योगिनीताई, हे आजींनी सांगितलेलं नाही आणि मी त्यांना वाचूनही दाखवणार नाही. दिवाळी झाल्यापासून माझ्या खानावळीची सगळी भांडी त्या घासत होत्या, विटेच्या भुग्याने, हात सोलून निघेपर्यंत. नको म्हटलं तरी ऐकेनात. मला वाटलं, त्यांना माझी दया आली. काल कचेरीतून आल्या आणि म्हणाल्या, उद्यापासून तुमची भांडी तुम्ही बघा. — सुमन)


गणराज निवास, खराबवाडी, चाकण
ता. ४ डिसेंबर २०२५

योगिनीस,

वरची पत्त्याची ओळ सुमनताईंनी सवयीने लिहिली आणि मग हात थांबवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, राहू दे, आता त्याच ओळीवर बोलायचंय.

ज्ञानेशराव आले होते, मोटारसायकलवर. मी विचारलं, गाडी कुठंय? तर म्हणे सोसायटीत लावायला जागा नाही, मामाच्या आवारात ताडपत्री घालून ठेवलीय. एकदा कंपनीत नेली तर साहेब म्हणाला, मग नोकरी कशाला करतोस. माणूस वाईट नाही गं तुझा. सुमनताईंच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या, ताट स्वतः उचललं. म्हणाले, "आजी, मी गाडी मागितली नव्हती." मी म्हटलं, नको पण म्हणाला नव्हतात. मान खाली घालून हसले.

मग खिशातून त्यांनी माझं पहिलं पत्र काढलं. तू परत पाठवलेलं. मला वाटलं, तोंडावर फेकलंस. सुमनताईंनी उघडलं आणि कागद घेऊन दारातल्या उजेडात गेल्या. मी म्हटलं, शिवी असली तरी वाचा. तर शिवी नव्हती. सगळं पत्र होतं तसं, फक्त अगदी वर, पत्त्याच्या पहिल्या दोन शब्दांखाली लाल रेघ. 'गणराज निवास.' आणि शेजारी तुझ्या अक्षरात, 'आजी, खोल्या कुणाच्या नावावर?'

हे उत्तर झालं? मी तुझ्यासाठी हातांची सालं काढली, होय, काढली, आता लपवून काय करू, आणि तू माझ्यावरच लाल पेन चालवतेस? खोल्या माझ्या आहेत. मी त्यांना वाटेल ते नाव देईन. गल्लीतल्या कुत्र्याचं देईन. गणराज जन्मला तेव्हा ती भिंत नवी होती. पेंटर आला, म्हणाला, काय लिहू? मी म्हटलं, गणराज. नातू झाला होता, दुसरं काय लिहायचं असतं? तू तेव्हा पेंटरच्या रंगाचा डबा धरून उभी होतीस. फ्रॉकवर निळा रंग सांडलास म्हणून शालनने धपाटा घातला. ते नाव माझं मला वाचता येत नाही, पण निळं आहे आणि कुठल्या भिंतीवर आहे ते मला माहीत आहे.

आणि माझ्यामागे खोल्या गणराजला, असं मी कुठे लिहून दिलंय? नुसतं सांगत आलेय. लग्नात सांगितलं, बारशाला सांगितलं, मोतीबिंदू काढायला नेलं तेव्हा नर्सबाईला सांगितलं. कुणी म्हणालं नाही, आणि योगिनीला काय? शालन म्हणाली नाही. सुमनताई एवढ्या बोलक्या, त्या म्हणाल्या नाहीत. तू तरी म्हणालीस का? एवढी वर्षं त्या नावाखालून आत यायचीस, फीचे पैसे घेऊन जायचीस, एकदा विचारलं असतंस.

इथवर सांगितलं आणि पुढचं वाक्य मला सापडेना. सुमनताई पेन धरून बसल्या. बाहेर पहिल्या शिफ्टची पोरं हातपाय धूत होती. मी म्हटलं, आज एवढंच. त्यांनी विचारलं, शेवटी काय लिहू? मी म्हटलं, राग आहे, असं लिहा. कुणावर ते लिहू नका.

राग आहे.

आजी


खोली नंबर एक, खराबवाडी, चाकण
ता. १३ डिसेंबर २०२५

योगिनीस,

पत्ता बदलला म्हणून घाबरू नकोस, मी तिथेच आहे. भिंत बदलली. पिंटू पेंटरला बोलावलं आणि म्हटलं, चुना मार. त्याने मारला. मग विचारलं, "आजी, आता काय लिहू?" म्हटलं, काही नको. तो बिचारा पांढऱ्या भिंतीपुढे ब्रश घेऊन उभा राहिला. नुसता चुना मारायचे पैसे घेताना त्याला चोरी केल्यासारखं वाटलं असावं. मी चहा पाजून घालवला.

संध्याकाळी गणराज आला. भिंत बघून आधी पुढे निघून गेला, चुकीच्या गल्लीत शिरलो म्हणून. मग मागे आला. चपलाही काढल्या नाहीत. म्हणाला, "ताईचा फोन आला होता. हक्कसोडवर सही करणार नाही म्हणते. चारही नावं राहू दे, बिल्डरने चौघांशी करार करावा म्हणते. आणि गाडी घेऊन जा म्हणाली." मला आतून जिलेबी आणावीशी वाटली, पण त्याचा चेहरा बघून बसून राहिले. मग तो म्हणाला, "आजी, तू घर फोडलंस."

हे मला लागलं. सुमनताई, हे नीट लिहा, लागलं.

मी त्याला सांगितलं, तुझ्या बापाची जमीन चौघांची होती, ती चौघांचीच राहिली, यात फुटलं काय? आणि आलाच आहेस तर हेही ऐक, माझ्यामागे चार खोल्या तुझ्या, चार ताईच्या. सोमवारनंतर वकील येतोय. तो म्हणाला, म्हणजे दोन्हीकडून माझं कमी झालं. मी म्हटलं, व्हय. त्याचे डोळे भरले. एवढा गडी, वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागतात, त्यावर काळा चष्मा. चष्मा नसला की तो अजून पाळण्यातलाच दिसतो. त्याला सगळं द्यायचं मनात धरूनच मी म्हातारी झाले गं. तुला सांगणं सोपं गेलं, सही करू नकोस. त्याला सांगताना माझी जीभ जड झाली. एवढं मात्र तुझ्या लाल रेघेने मला कळलं.

बिल्डर थांबेल का, हे त्याने विचारलं. मी म्हटलं, जमीन कुठे चालत जाते का? त्याने गाल ओढला नाही. फाटकाशी गेला, परत वळला. "भिंतीवर नाव काय टाकणार?" म्हटलं, ठरलं नाही. "निळा रंग नको," म्हणाला. "उडतो." आणि गेला.

पुढच्या भाऊबिजेला तो तुझ्याकडे येईल की नाही, मला माहीत नाही. खोटा धीर द्यायचं वय गेलं माझं. नाही आला तर तू इकडे ये. एक खोली तुझ्यासाठी रिकामी ठेवीन. मी आहे तोवर तिचं भाडं मात्र घेईन, माझी जिलेबी त्यावर चालते. बांगड्या नकोत, साडी नको, रोख आण.

सुमनताई आज हसत हसत म्हणाल्या, भांड्यांची गोष्ट त्यांनी तुला केव्हाच कळवली होती. म्हणजे कचेरीतला तुझा खोकला हा खोकला नव्हता, हे मला कळलं होतं, आणि वीट होती, हे तुला कळलं होतं. मग इतके दिवस आपण दोघी कुणाशी भांडत होतो?

आता मी रोज अंगठ्याला लोणी चोळते. कातडी मऊ पडलीय, रेघा परत वर येतायत असं सुमनताई म्हणतात. परवा पंधरा तारीख. गणराज कुठला कागद पुढे करतो ते त्यालाच ठाऊक. तू शेजारी बस, पंख्याकडे बघू नकोस. कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाच, कंपनीतल्या मालासारखा. बरोबर असला तर माझा हात धर आणि दाखव, कुठे ठेवायचा.

नसला तर वीट अजून मोरीतच आहे.

तुझी आजी
सोजरबाई